खडूची चौकट

चकाल्यातल्या गाडीवेड्यांनी आपल्या क्लबचं नाव 'चकाला मोटर मित्रमंडळ' असं ठेवलं, त्याला कारण होतं. क्लब म्हटलं की जागा देणारा दहा प्रश्न विचारतो. मित्रमंडळ म्हटलं की एकच विचारतो, "मूर्ती किती फुटांची?" आणि हो म्हणून मोकळा होतो.

मूर्ती नव्हती, गाड्या होत्या. औद्योगिक वसाहतीत एक कंपनी कधीची बंद पडली होती. तिच्या ट्रक उभे करायच्या काँक्रीटच्या पटांगणात वर्षातून चार-पाच रविवारी सकाळीच मंडळी जमायची. रस्ता खणला की पालिका ठेवते तसले नारिंगी कोन मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी वाट काढत एकेकाने गाडी पळवायची. एका वेळी एकच गाडी, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. धडक नाही, अपघात नाही. नुकसान झालंच तर टायरचं व्हायचं.

या मंडळाचा जीव कुठे असेल, तर तो खडूत होता. प्रत्येक कोनाभोवती खडूने एक चौकट आखलेली असे. गाडी कोनाला लागली, कोन डुलला, जरा सरकला, तरी माफ. त्याचं बूड चौकटीत आहे तोवर काही बिघडलं नाही. कोन आडवा पडला किंवा चौकटीच्या बाहेर गेला, तर तिथे उभा असलेला मार्शल लाल झेंडा वर करणार आणि गाडीच्या वेळेत दोन सेकंद वाढणार. आता दोन सेकंद म्हणजे काय, असं घरी बसून वाटतं. तिथे दोन सेकंदांत पहिला माणूस सहावा होतो.

आणि हे मार्शल कोण? पगारी माणसं ठेवायला मंडळाकडे होतं काय! गाडी पळवून झाली की उतरायचं, हेल्मेट ठेवायचं आणि झेंडा घेऊन कोनापाशी उभं राहायचं, अशी रीत. म्हणजे ज्याला हरवायचं, तोच आपला पंच. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू यायचं, पण इतकी वर्षं ते चाललं होतं, कारण सहदेव घाडी तिथे होता.

सहदेव साठीला टेकलेला माणूस. बापाचा जन्म गिरणीत काम करण्यात गेला, याने मरोळ नाक्यामागे चाकं सरळ करायचं गॅरेज काढलं. एके काळी स्वतः झकास गाडी मारायचा, मग कंबरेने दावा साधला आणि तो झेंडेवाल्यांचा मुख्य झाला. चौकटी आखायचा तो, नियम करायचा तो. एकदा कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवून भांडण उकरलं, कॉलरी धरल्या गेल्या, तेव्हा यानेच ठरवून टाकलं, "झेंडा वर गेला की गेला. मोबाइल कोणी काढायचा नाय. मागे घ्यायचा तर ज्याने वर केला त्यानेच घ्यायचा, तोपण निकाल वाचायच्या आधी." सगळ्यांनी मान डोलावली. सहदेवकाका बोलले म्हणजे झालं, असा त्याचा शब्द होता. आणि त्या शब्दावर त्याचा स्वतःचा भारी जीव होता. माणसाचा कशावर ना कशावर असतोच. कोणाचा पैशावर, कोणाचा पदावर. याचा आपल्या चांगलेपणावर होता, आणि हे व्यसन सहजासहजी कळून येत नाही.

त्याची मुलगी ऋतिका. सांताक्रूझला एका कार्गो कंपनीत नोकरी करायची आणि उरलेला सगळा जीव बापाच्या जुन्या झेनमध्ये ओतायची. त्या गाडीला मंडळातले 'आजी' म्हणत. ऋतिकाच्या हातात आजी लंगडीच्या डावातल्या पोरीसारखी वळायची. ती पळत असताना सहदेव मैदानात थांबत नसे. घरचं माणूस गाडीत असेल तर मार्शलने बाजूला व्हावं, ही रीतही त्यानेच घातली होती. तो चहाच्या टपरीवर जाऊन मैदानाकडे पाठ करून बसायचा आणि आजीच्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखायचा, पोरगी कुठल्या वळणावर आहे.

गेल्या वर्षी ऋतिका पहिली आली. त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर हर्षदने लिहिलं, "घरचं मैदान, घरचा झेंडा. अभिनंदन." खाली हात जोडलेले. हर्षद हा घाटकोपरचा, नव्याकोऱ्या गाडीवाला, दोन नंबरला आलेला. थोड्या वेळाने त्याने ते पुसूनही टाकलं. पण सहदेवने वाचलं ते वाचलं.

"अहो बाबा, तो हरला की कोणाला तरी बोलतोच," ऋतिका म्हणाली होती. "तुम्ही काय मनाला लावून घेता?"

"मी कुठे लावून घेतलंय," सहदेव म्हणाला, आणि वर्षभर ते काट्यासारखं बाळगत राहिला.

यंदाचा शेवटचा रविवार साधा नव्हता. मुलुंडच्या एका मोठ्या टायर व्यापाऱ्याने शब्द दिला होता की इथे जो पहिला येईल, त्याला पुढचं सबंध वर्ष आपली गाडी देऊ. नुसती गाडी नाही, तयार केलेली स्पर्धेची गाडी, सोबत मेकॅनिक आणि नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतच्या सगळ्या स्पर्धा. हर्षदला ती मिळाली असती तर त्याच्याकडे एक गाडी जास्त झाली असती. ऋतिकाचं तसं नव्हतं. आजी पटांगणात वाघीण असली तरी मोठ्या स्पर्धेच्या तपासणीत तिला कोणी दारात उभं केलं नसतं, आणि दुसरी गाडी घाडींच्या घरात येणार नव्हती. ऋतिका एकोणतीस वर्षांची होती. घरात स्थळांच्या गोष्टी चालू होत्या. ही संधी गेली की पुढे काय, ते तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

सगळ्यांच्या फेऱ्या झाल्या. हर्षद पहिला होता. राहिली फक्त ऋतिका. शेवटच्या कोनावर भाऊराव उभे होते, सहदेवच्या वयाचे, त्याचे जुने दोस्त. त्यांना ऊन लागलं, डोळ्यापुढे अंधारी आली, आणि लोकांनी त्यांना उचलून मंडपात पंख्यासमोर नेऊन बसवलं. आता झेंडा घेऊन उभं कोण राहणार? बाकीचे सगळे आपापल्या कोनावर. तो कोन तर सगळ्यात अवघड. गाडी त्याला पूर्ण वळसा घालून समाप्तीच्या रेषेकडे सुटायची, निम्मे निकाल तिथेच लागायचे.

"काका, तुम्हीच राहा ना उभे," हर्षद म्हणाला. "आमचा आहे ना तुमच्यावर विश्वास."

तो हसला का, नुसताच उन्हामुळे डोळे बारीक करून बोलला, देव जाणे. सहदेवला मात्र त्यात ते पुसलेलं वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं. इथे शहाणा माणूस म्हणाला असता, "नको रे, रीत नाय ती. माइकवाल्या विकीला उभा कर." पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सहदेवने झेंडा उचलला.

ऋतिका हेल्मेटचा पट्टा लावत होती. तिने खिडकीतून हाक मारली. "बाबा, तुम्ही नका उभे राहू."

"का? माझ्या डोळ्यांवर विश्वास नाय तुझा?"

"डोळ्यांवर आहे," ती म्हणाली, आणि तिने काच वर केली.

मग आजी सुटली. सहदेवने मुलीला पळताना समोरून कधी पाहिलंच नव्हतं, इतकी वर्षं पाठ करून ऐकलं होतं फक्त. आता ती त्याच्याकडे येत होती. पहिल्या कोनांमधून सुई-दोरा ओवावा तशी गेली, मधल्या वळणावर मागचं चाक जरा उचललं आणि परत टेकलं. ही माझी पोर, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच त्याच्या मागोमाग आलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

आजी शेवटच्या कोनाला वळली. मागचा बंपर कोनाला निसटता लागला. टप्प असा आवाज झाला.

आणि झेंडा वर गेला.

सहदेवचा हात वर होता आणि मग त्याचे डोळे खाली गेले. हा क्रम लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. तीस वर्षं तो पोरांना शिकवत आला होता, "आधी खाली बघायचं, मग हात उचलायचा." आता हात आधी गेला होता. खाली कोन उभा होता. अजून थोडा डुलत होता. डुलायचा थांबला तेव्हा त्याचं रबरी बूड कोपऱ्यातून किंचित फिरलं होतं, पण चौकटीच्या आत. सगळंच्या सगळं आत.

झेंडा खाली घ्यायला काय लागतं? हात खाली घ्यायचा. पण त्या हातात कोणी शिसं ओतावं तसं झालं. आत्ता खाली घेतला तर म्हणतील, बघा, बापाचं काळीज. घरचा झेंडा. सहदेव वाकला आणि मार्शलने करायचं असतं ते त्याने केलं. फिरलेला कोन दोन्ही हातांनी नीट सरळ करून ठेवला. झालं. आता तो चौकटीबाहेर गेला होता की नव्हता, हे सांगायला जगात एकटा सहदेव उरला.

"आणि कोन गेलेला आहे!" विकीचा आवाज कर्ण्यातून फुटला. विकी मंडळाचा माइकवाला, एरवी गणपतीत आरत्या लावणारा. "दोन सेकंद! म्हणजे मंडळी, ऋतिका घाडी दुसरी, आणि हर्षद पहिला! आणि झेंडा कोणी दाखवला बघा! पोटच्या पोरीला सोडलं नाय काकांनी! याला म्हणतात माणूस!"

आणि टाळ्या पडल्या. त्या हर्षदसाठी नव्हत्या. माणसं उभी राहून सहदेवकडे बघत टाळ्या वाजवत होती. पंख्यासमोरून उठून आलेल्या भाऊरावांनी डोळे पुसले.

हर्षद मात्र टाळ्या न वाजवता चालत त्याच्याकडे आला. हळूच म्हणाला, "काका, गेलेला ना कोन? मी तिकडून बघत होतो, मला तर तो उभा वाटला."

ज्याच्या एका वाक्यापायी हे सगळं झालं, तोच आता दार उघडून उभा होता. सहदेवला त्याचाही राग आला. ज्याच्यापुढे खरं ठरायचं, त्यानेच शंका काढावी?

"गेला होता," सहदेव म्हणाला.

"तुम्ही म्हणता म्हणजे गेलाच असणार," हर्षद म्हणाला. पण जाताना त्याने मागे वळून एकदा कोनाकडे बघितलं.

ऋतिका गाडी लावून आली ती बापाकडे न बघता थेट कोनापाशी. उकिडवी बसली. कोन उचलून बाजूला ठेवला. चौकटीच्या चारही बाजू कोऱ्या करकरीत होत्या, सकाळी सहदेवने आखल्या तशा. तिने एका रेघेवरून बोट ओढलं. रेघ फरफटली आणि बोट पांढरं झालं. ते तिने बापासमोर धरलं.

"बोटाने पुसली जाते, बाबा. एवढं जड बूड बाहेर गेलं असतं तर रेघ राहिली असती?"

सहदेव झेंडा गुंडाळायला लागला.

"निकाल अजून वाचला नाय. तुम्ही फक्त सांगायचं. दुसरं कोणी सांगू शकत नाय, तुमचाच नियम आहे."

"तुला काय वाटतं, मी मुद्दाम केलं?"

"मुद्दाम नाय," ती म्हणाली. "घाबरून केलंत. मला राग नाय आला. आता जाऊन सांगा ना."

"सांगतो," सहदेव म्हणाला. आणि खोटं नाही, त्याच्या मनात सांगायचंच होतं. मंडपाकडे जाताना त्याने वाक्यसुद्धा जुळवलं, "मंडळी, माझी चूक झाली, कोन आत होता." यात जीभ अडखळेल असं काय आहे?

पण मंडपात भाऊराव शाल घेऊन उभे. ती टायरवाल्या पाहुण्यांसाठी आणली होती. पाहुण्यांनीच म्हटलं होतं म्हणे, माझ्याआधी त्या गृहस्थांना घाला. भाऊरावांनी ती सहदेवच्या खांद्यांवर टाकली, हातात नारळ दिला. "आमच्या मंडळाचा हरिश्चंद्र!" ते म्हणाले. विकीने माइक तोंडासमोर धरला. समोर शे-दीडशे माणसं उभी होती, मोबाइल वर धरलेले. मागे, मंडपाच्या खांबाला टेकून ऋतिका. बोट अजून पांढरंच.

सहदेवने तोंड उघडलं. जुळवलेलं वाक्य घशापर्यंत आलंही होतं. पण खांद्यावर शाल होती, आणि ते वाक्य बोललं की ती उतरवावी लागणार होती. गेल्या वर्षीचा काटा इतक्या दिवसांनी निघाला होता, तो स्वतःच्या हाताने परत रुतवून घ्यायचा होता. तिला काय, ती तरणी आहे, पुढच्या वर्षी जिंकेल. माणूस स्वतःला किती चटकन समजावतो!

"नियम तो नियम," सहदेव म्हणाला. "घरचा असो, बाहेरचा असो."

टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. टाळ्या थांबल्यावर विकीने निकाल वाचला. खांबापाशी कोणी नव्हतं.

घरी जायचं म्हणजे दोघांना एकाच गाडीतून. ऋतिकाने बोरिवलीपर्यंत आजी अशी चालवली, जशी शिकाऊ माणसं चालवतात. प्रत्येक वळणाला दिवा, प्रत्येक सिग्नलला ब्रेक. सहदेवच्या मांडीवर शाल आणि नारळ. सोसायटीच्या खाली तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि समोर बघतच बोलली.

"हर्षदने हरवलं असतं ना, तर मी आज रडले असते आणि उद्या ऑफिसला गेले असते. मी स्वतः कोन उडवला असता तर स्वतःला शिव्या घातल्या असत्या. पण तुम्ही मला विकलंत, बाबा. आणि किंमत काय घेतलीत? टाळ्या."

"अगो बाय, असं नको बोलू..."

"पुढच्या वर्षी वगैरे सांगू नका मला." तिने चावी काढून त्याच्या मांडीवर, शालीवर ठेवली. "आजीला विका नायतर ठेवा. मी परत बसणार नाय तिच्यात."

वर सहदेवच्या बायकोने, जानकीने वडे तळले होते, कोंबडीची सागुती केली होती. दोघांची तोंडं बघितली आणि तिने ताटं वाढायला घेतली. तोवर शेजारणीच्या मोबाइलवर मंडपातला व्हिडिओ पोचलाच होता. ती दारातून म्हणून गेली, "वहिनी, तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस हां!" जानकीने दार लावलं. ऋतिका आतल्या खोलीत होती, ताट तसंच झाकलेलं.

"माका तुमचा कोन नि झेंडो काय कळणा नाय," जानकी नवऱ्याला म्हणाली. "पण पोर जेवूक नाय, तां माका कळता. काय केलात तुम्ही?"

"नियमाने वागलो," सहदेव म्हणाला. दोन वेळा खरं गिळलं की तिसऱ्यांदा ते आपोआप गिळलं जातं. जानकीने शाल उचलली, घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

पुढची स्पर्धा पावसाळा संपल्यावर झाली. ऋतिकाचं लग्न ठरलं होतं, ती त्या दिवशी साड्या बघायला गेली होती. आजी बोरिवलीत कापडाखाली उभी होती. सहदेव विकायलाही धजला नव्हता. हर्षद आला, पण मुलुंडच्या गाडीत नाही, आपल्याच. ती गाडी त्याने दोन स्पर्धांनंतर परत केली, असं कोणी सांगत होतं. का केली, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. सहदेवला मात्र त्याने लांबूनच नमस्कार केला.

सकाळी सहदेव नेहमीसारखा खडू घेऊन निघाला. एकेक कोन ठेवायचा, बुडाभोवती चौकट आखायची, पुढे सरकायचं. शेवटच्या कोनापाशी तो गुडघ्यावर बसला. मागून विकी माइक तपासत होता आणि नव्या पोरांना तीच गोष्ट परत सांगत होता. "या मंडळात बाप लेकीलाही सोडत नाय, समजलं ना? ते बघा, ते बसलेत ना, तेच काका!" पोरं आदराने बघत होती.

सहदेवने रेघ ओढली. मग दुसरी, तिसरी, चौथी. उठून बघितलं, तर ही चौकट बाकीच्यांपेक्षा मोठी झाली होती. चांगली हातभर मोठी. गाडी कितीही जोरात लागली तरी कोन आतच राहिला असता.

"काका," विकी जवळ येऊन हसत म्हणाला, "अहो, ही कोणासाठी काढलीत?"

सहदेव परत खाली बसला. रेघा तळहाताने पुसून काढल्या आणि मापात चौकट आखली. उठताना त्याने बघितलं, तर हात मनगटापर्यंत पांढरा झाला होता. तोच हात त्याने झेंड्याला लावला आणि कोनापाशी जाऊन उभा राहिला, कारण आता तो कोन कायमचा त्याचाच होता.